आजीच्या हातात फोन राहू द्या

पेन्शन जमा झाली की आजी फोन नातवाकडे देते, पिनही सांगून टाकते. हे आम्ही वस्तीत घरोघरी पाहतो. नातू हुशार, पण घाईचा. चार बटणे दाबतो, "झालं!" म्हणतो. आजी होती तिथेच राहते. यूपीआय २०१६ साली आले. आजी त्याआधी पन्नास वर्षे नोटा मोजत आली आहे. तिला हिशेब शिकवायचा नाही, फक्त बटणे दाखवायची आहेत.

तेव्हा फोन तिच्याच हातात ठेवा. तुमच्या खात्यावर एक रुपया पाठवायला लावा. नाव तिनेच वाचावे, पिन तिनेच टाकावा. आपण तोंड फिरवावे, मग तो सख्खा मुलगा का असेना! पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोर समजावा.

दुसरी भीती वर्दीची. व्हिडिओवर पोलिसाच्या वेशातला माणूस येतो. आधारवर गुन्हा आहे, कुणाला सांगू नका, खोलीतच बसा, म्हणतो. याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. अशी अटक कायद्यात नाहीच. पण जन्मभर चौकीला वचकून राहिलेली आमची म्हातारी माणसे इथेच फसतात. फोन खुशाल बंद करावा.

पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. आणि घरच्यांनो, ओरडू नका. ओरड्याच्या धाकाने ती दोन दिवस गप्प बसतात, तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात.