उघड्यावरची माणसं : फलाटावर उतरलेला

गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेल्या चोखामेळा धर्मशाळेवर या आठवड्यात लिहिणार होतो, पण बाबांना एक आठवडा थांबवतो. पूर्णेहून एक पत्र आलंय. तिथली काही कॉलेजची पोरं रात्री स्टेशनवर खिचडी वाटतात. जटा वाढलेला एक जण डबा घेतो आणि पाठ फिरवतो, कुणाशी अवाक्षर बोलत नाही. त्याचं काय करायचं, असं ती विचारतात.

पत्र पूर्णेहून यावं यात नवल नाही. नांदेड-परभणी लाईनवरून अकोल्याचा फाटा इथेच फुटतो. भान सुटलेला माणूस समोर येईल त्या गाडीत चढतो आणि टीसी उतरवेल तिथला होऊन जातो. बेघरांच्या निवाऱ्यांचा हिशेब मात्र महानगरांचा. लाख वस्तीमागे एक निवारा, हे २०१०चं सर्वोच्च न्यायालयाचं प्रमाण मोठ्या शहरांसाठी होतं. जंक्शनच्या गावात जे काही आहे, ते ही पोरंच.

पण असा माणूस बरा होऊन घरी परतू शकतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटाराचं पाणी पिताना पाहिलं. उपचारांनंतर तो बोलता झाला, तेव्हा कळलं की हा आंध्रातला पदवीधर. त्यातूनच १९८८ साली ‘श्रद्धा’ संस्था उभी राहिली. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवायचं, हे तिचं काम. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे मिळालं. औषध लागू पडलं की पुष्कळदा गावाचं नाव रुग्णाच्याच तोंडून येतं.

तर पोरांनो, आल्या आल्या नाव-गाव विचारू नका. शेजारी बसा. बिस्किटाचा पुडा त्याच्यासमोर फोडा, एक आपण खा, मग पुढे करा. तो स्वतःशी पुटपुटतो ते ऐका. तेलुगू आहे की हिंदी, एवढं कळलं तरी शोधाची दिशा ठरते. पायाला जखम आहे का बघा. आणि दाढी-कटिंग करून रील टाकायची हौस आवरा. जबरदस्तीने वस्तरा लावलात, तर तो दुसऱ्या दिवशी तिथे दिसणार नाही.

मग अर्ज लिहा. माणूस फलाटावर असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे, बाहेर असेल तर गावच्या ठाण्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० : स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा मनोरुग्णाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याचा एफआयआर नोंदवून घरच्यांना शोधायचं. अर्जात कलमाचा आकडा घाला आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खिचडी मात्र बंद करू नका. तिच्यासाठी तो रोज ठरल्या जागी येतो, म्हणून तर डॉक्टर आणि पोलीस त्याच्यापर्यंत पोचू शकतील.

धर्मशाळा पुढच्या आठवड्यात, नक्की.