मामांचं पातं आणि आत्याबाईंची चुंबळ

मैत्रिणींनो, तुमच्या घरी टीव्हीशेजारी काय ठेवलंय? फुलदाणी, नातवंडांचे फोटो, नाहीतर शाळेत मिळालेला एखादा कप. आमच्याकडे दीड हात लांबीचं, झिजून बोथट झालेलं एक लोखंडी पातं आहे. नवा पाहुणा हमखास विचारतो, "नांगराचा फाळ का हो?" की लगेच माझ्या सासऱ्यांची कळी खुलते. "फाळ नव्हं! स्क्रेपरचं पातं हाय ते. सिद्धेश्वरच्या कामावरचं!" मग पाहुण्याचा चहा निवतो, पण सुटका काही होत नाही.

मामा 1964 साली, ऐन विशीत पूर्णा प्रकल्पावर हेल्पर म्हणून लागले. यंत्रांना ग्रीस लावता लावता ऑपरेटर झाले. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची दोन्ही धरणं 1968 मध्ये पूर्ण झाली. तेव्हा आपला हिंगोली जिल्हा नव्हता, तो झाला 1 मे 1999 रोजी. त्या वेळी सगळी परभणीच. येलदरीचा बांध 4 किलोमीटरहून लांब, सिद्धेश्वरचा 6 किलोमीटरहून जास्त, आणि बहुतेक सगळा मातीचा. आज वसमत भागात ऊस, हळद डोलते त्यामागे हे पाणी आहे.

लग्न होऊन हट्ट्याला आले तेव्हा मला स्क्रेपर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं, यंत्रांशी संबंध मिक्सरपुरता! मामांनी मला ते स्वयंपाकघरातच समजावलं. मी खोबरं किसत होते. ते म्हणाले, "ही किसणी चाकांवर ठेव, खाली पेटी लाव अन् पुढं ट्रॅक्टर जुंप. झाला स्क्रेपर." पेटी खाली टेकवली की तिच्या कडेचं पातं जमिनीचा पातळ थर तासत जातं आणि माती आपोआप पेटीत चढते. भरली की पुढचं झाकण पडतं. बांधावर नेली की मागची भिंत पुढे सरकून माती बाहेर ढकलते आणि सारखी पसरते. त्यावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग दुसरा थर. आत काळ्या चिकण मातीचा गाभा, बाहेर मुरूम, वरून दगड. मी म्हटलं, "म्हणजे करंजीच की!" मामा खूश झाले.

हे यंत्र नावारूपाला आणलं अमेरिकेतल्या रॉबर्ट लेटर्नो यांनी. 1888 साली जन्मलेला हा माणूस फारसा शिकलेला नव्हता, पण माती हलवण्याच्या यंत्रांत त्यानं क्रांती केली. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या यंत्रांनी विमानतळ आणि रस्ते तयार केले. आपण जेसीबी जेसीबी म्हणतो, तीही जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. पोकलेन ही मूळची फ्रेंच कंपनी. माणसं विसरली, नावं यंत्रांना चिकटली! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावी अशा जुन्या यंत्रांचं संग्रहालय आहे. मुलानं मोबाईलवर त्याचे फोटो दाखवले, तेव्हा मामा रात्रभर झोपले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मामांच्या कानावर आलं, एका आवारात पडलेली जुनी यंत्रं लिलावात निघणार, त्यात एक स्क्रेपरही आहे. झालं! "मी घेतो. वावराच्या कडंला ठेवतो. पोरांना दाखवतो." पैसे? बँकेतली दीड लाखाची ठेव. ती ठेव आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती. आमचे हे चिडले, "म्हातारपणी काय भंगार गोळा करायलेत?" मामांनी जेवण सोडलं. मी मधल्या मधे. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं मिटवायला जाणारी मी, स्वतःच्या घरात गप्प!

बोलल्या त्या आत्याबाई. कधी आवाज न चढवणारी बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या मशीनीला जागा पाहिजे. अन् माह्या डोक्यावरच्या पाटीला? तिला कोन ठेवलं?"

घर एकदम शांत झालं. 1972 चा दुष्काळ. आत्याबाई पाझर तलावाच्या कामावर होत्या. पाळण्यातली नणंद बाभळीला झोळी बांधून झोपवायची आणि दिवसभर माती वाहायची. खायला मिलो आणि सुकडी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती, त्यात बायका किती असतील! त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. तो 1977 ला झाला, 1979 पासून लागू झाला. आत्याबाईंचे गुडघे असे मातीनंच खाल्लेले. आणि इतकी वर्षं घरात गोष्टी मात्र स्क्रेपरच्याच!

लिलावाच्या आधी मी टमटम ठरवली. मामा, आत्याबाई आणि बचत गटातल्या सहा वयस्कर बाया. स्क्रेपरची चाकं जमिनीत रुतलेली, पेटीत बाभळीचं रोप उगवलेलं. मामांनी पेटीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. एका मावशींनी विचारलं, "किती घमेली माती बसती हो यात?" मामांनी काडीनं जमिनीवर हिशेब मांडला. पेटीत साधारण 6 घनमीटर माती. घमेलं 15 लिटरचं धरलं तर 400 घमेली. "भरायला किती येळ लागायचा?" "मिनिट-दीड मिनिट." सगळ्याजणी गप्प. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या चारशे खेपा व्हत्या त्या."

मामांनी काडी टाकून दिली. "हे मला कधी सुचलंच नाही बघ," एवढंच म्हणाले.

स्क्रेपर आम्हाला मिळाला नाही. आठ-नऊ टन लोखंडापुढे दीड लाख कुठे पुरणार? किलोच्या भावानं तो व्यापाऱ्याकडे गेला. ट्रक निघाला तेव्हा मामा पाठ फिरवून उभे होते. ठेव मोडली ती गुडघ्यासाठीच. दवाखान्यात महिनाभर हेलपाटे मामांनीच घातले.

मला आता वाटतं, मामांचं वेड खुळं नव्हतं, फक्त अर्धं होतं. जुनी यंत्रं जपली पाहिजेत. एखादं तरी धरणाजवळ उभं राहिलं, तर आपण पितो ते पाणी कुणी अडवलं हे लेकरांना कळेल. पण त्याच्याशेजारी घमेलं आणि फावडंही असावं. तुमच्या घरात अशी एखादी म्हातारी बाई असेल, तर तिला आजच विचारा, कुठल्या तलावावर माती वाहिली. वहीत लिहून ठेवा. उद्या सांगायला ती नसेल.

आमच्या टीव्हीशेजारी पातं अजून आहे. मात्र परवा मामांनी ते थोडं सरकवलं आणि माळ्यावरून आत्याबाईंची जुनी, विटलेली चुंबळ काढून शेजारी ठेवली. आता पाहुणे आधी तिच्याबद्दलच विचारतात. आणि सांगतात आत्याबाई.