भाडोत्री सैनिकही घरकोंबडेच का?

मुलगी मँचेस्टरला एमएस्सीला गेली आणि पंधरा दिवसांत फोनवर रडली, की इकडे नातेवाइकांचं निदान तयार असतं. "एकुलती एक ना, लाडावून ठेवलीय!" त्यावर मामांची पुरवणी: "खंबीर मुलांना असलं काही होत नाही."

कोणी सांगितलं? १८८८ साली लंडनला पोचलेले मोहनदास गांधी १८-१९ वर्षांचे होते. घराच्या आठवणीने रात्री डोळ्यांना धारा लागत, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय. तरी ते बॅरिस्टर होऊनच परतले.

त्याच्या दोनशे वर्षं आधी, १६८८ मध्ये, योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला. त्यातला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण. तापाने अंथरूण धरलेलं, जगण्याची आशा सुटलेली. घरी पाठवायचं ठरलं आणि गडी वाटेतच सुधारला. दोन्ही गावांतलं अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे मुंबई-लोणावळ्याहून जरासं जास्त! होफरच्या प्रबंधात परमुलखात लढणारे स्विस भाडोत्री सैनिकही आहेत. त्यांना कोणी लाडावून ठेवलं होतं?

बरं, जुनं सोडा. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ शर्ली फिशर यांनी ब्रिटिश विद्यापीठांतल्या नवागतांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी घराची ओढ लागल्याचं सांगितलं. त्यांतल्या बहुतेकांनी देशही सोडला नव्हता. खंबीरपणाचा धोशा लावून एकच साधतं: पोर कॅमेरा बंद ठेवतं आणि "इथे नेटवर्क नाही गं" म्हणतं.

दिवसभर व्हिडिओ कॉल हाही उपाय नव्हे. हिवाळ्यात ब्रिटन साडेपाच तास मागे. घरच्या साडेनऊच्या पंगतीत बसायचं तर तिथे दुपारचे चार, नेमकी वर्गातल्या मुलांबरोबर कॉफीला जायची वेळ. त्यापेक्षा ठरल्या वेळचा कॉल बरा. पहिले महिने मजेचे आणि मग घसरण, हेही सरसकट खरं नाही. न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांच्या १९९८च्या अभ्यासात सर्वाधिक ताण पोचल्या पोचल्याच दिसला. मराठी माणसांत राहिलं की तिथे रुळता येत नाही म्हणणाऱ्यांनी १९३२ पासून चालू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ पाहावं. आणि डिसेंबरची प्रत्येक उदासी घराचीच नसते. मँचेस्टरला तेव्हा चारच्या आत सूर्य मावळतो, आणि ऋतुजन्य नैराश्य वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे.

झोप, जेवण, अभ्यास आठवडेच्या आठवडे बिघडला, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाला गाठावं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.