घाटाखालून आलेला इसीजी

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. जिल्ह्याचं ठिकाण डोंगरावर आणि रेल्वे पायथ्याला. मधे राजूर घाट, नाहीतर बोथ्याचं जंगल. बाजाराला किंवा कोर्टाच्या तारखेला जाताना हे अंतर अंगवळणी पडलेलं असतं. छातीत कळ आल्यावर मात्र तेच जिवावर उठतं.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली की बहुतेक वेळा इसीजीच्या आलेखातला एक ठरावीक भाग वर उचलला जातो. डॉक्टरांच्या बोलीत याला ‘स्टेमी’ म्हणतात. रक्त थांबलं की थोड्याच वेळात स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. उपाय दोनच: अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकणं, किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणं. अँजिओप्लास्टीला कॅथलॅब लागते आणि त्यासाठी इथल्या बहुतेक रुग्णांना अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागत आली आहे. इंजेक्शन मात्र तालुक्याच्या रुग्णालयातही देता येतं. अडचण वेगळीच आहे. हे औषध अंगात कुठेही धरलेली गुठळी विरघळवतं. ज्याला स्टेमी नाही त्याला ते दिलं, किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेलेल्याला दिलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रात्री दोन वाजता एकट्या ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरचा हात तिथे अडखळतो. मग चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहिलं जातं, गाडी निघते आणि सगळ्यात मोलाचे दोन तास रस्त्यावर जातात.

हा अडखळलेला हात मोकळा करणारी यंत्रणा म्हणजे क्लाऊडवर चालणारं इसीजीचं जाळं. तिची सुरुवात मात्र संगणकापासून होत नाही, ती होते रुग्णाच्या छातीपासून. दहा वायरी असतात. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. उरलेल्या सहा छातीवर. पहिल्या दोन चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजवी-डावीकडे लावायच्या. फट बोटाने मोजूनच शोधावी लागते. घाईत या दोन वायरी एक-दोन बोटं वर लागतात आणि आलेख बदलतो. हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर चांगल्या हृदयाचाही आलेख उलटा दिसतो. अर्थिंग नीट नसेल तर विजेची थरथर रेषेवर उमटते. बाई रुग्ण असेल तर पडदा लागतो, शेजारी सिस्टर लागते, नाहीतर संकोचापोटी वायरी भलत्याच जागी लागतात. दूर बसलेला तज्ज्ञ कितीही मोठा असो, त्याच्यापर्यंत जे पोचतं त्यावरच तो बोलणार. म्हणून मला या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वायरी लावणारा तंत्रज्ञ किंवा परिचारिकाच वाटते.

पुढचं काम त्या मानाने सोपं आहे. दहा सेकंदांचा बारा लीडचा, म्हणजे बारा दिशांनी टिपलेला, इसीजी म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे किलोबाइटचा मजकूर, मोबाइलवरच्या एखाद्या लहान फोटोएवढा. त्याला फोर-जीची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, अंबाबरवा अभयारण्यालगतच्या गावातही एखादी काडी रेंज असली तर तो जातो. रेंज गेली तर यंत्र तो धरून ठेवू शकतं आणि आली की पाठवतं. तो जिथे पोचतो ते क्लाऊडही काही आभाळात नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, तर अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली डेटा केंद्रं सुरू केली. तिथे संगणक आलेखांची छाननी करतो, धोक्याचे वर काढतो आणि पाळीवर बसलेला डॉक्टर ते पाहून निदान पाठवतो.

कल्पना जुनी आहे, शंभर वर्षांहूनही जुनी. इसीजीचे जनक विलेम आइंटहोवेन यांनी १९०५ मध्येच हॉलंडमधल्या लायडन शहरात दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणला होता. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं. रुग्णापर्यंत नेता येत नव्हतं, म्हणून रुग्णाचे ठोके यंत्रापर्यंत आणले.

आपल्याकडे बेंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. चरित भोगराज यांनी २०१४ च्या सुमारास ‘ट्रायकॉग’ ही कंपनी उभी केली. लहान दवाखान्यात इसीजी काढायचा आणि बेंगळुरूच्या केंद्रातून काही मिनिटांत मोबाइलवर निदान द्यायचं, हे तिचं काम. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ मध्ये याच धर्तीवर ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प निवडक जिल्ह्यांत सुरू केला. रचना हब आणि स्पोकची: कॅथलॅब असलेलं मोठं रुग्णालय मध्यभागी, भोवती ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं. स्पोकवर इसीजी निघतो, निदान येतं, इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग २४ तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी रुग्ण हबकडे जातो.

या रचनेचा कस तमिळनाडूत लागलेला आहे. तिथे चार हबभोवती रुग्णालयं बांधून २४२० रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. शंभर रुग्णांमागे तीन-साडेतीन माणसं जास्त जगली. आकडा लहान वाटेल, पण ही माणसं एरवी गेली असती.

कुणी म्हणेल, आमचे डॉक्टर व्हॉट्सअॅपवर इसीजीचा फोटो ओळखीच्या तज्ज्ञाला पाठवतातच की. पाठवतात, आणि त्याने जीवही वाचले आहेत. पण तो तज्ज्ञ झोपलेला असू शकतो, शस्त्रक्रियेत असू शकतो. दुसरं म्हणजे, फोटोला मागचा इतिहास नसतो. हृदयाच्या बाबतीत जुना इसीजी शेजारी ठेवून पाहणं फार मोलाचं असतं, कारण आजची विकृती नवी की पाच वर्षांपूर्वीची यावर उपचार ठरतो. आपल्याकडे जुना इसीजी कॅरीबॅगमधल्या फायलीत असतो. तो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेला असतो आणि विदर्भातल्या दोन उन्हाळ्यांत बराचसा पुसट होतो. क्लाऊडवरचा पुसट होत नाही, आणि खामगावला काढलेला अकोल्यात उघडतो.

अटॅकमधून वाचून घरी आलेल्या माणसाचा प्रश्न याहून अवघड आहे. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या अंगात पाणी साठायला लागतं. पायावर सूज दिसण्याआधी वजनकाट्यावर ते दिसतं: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की समजावं. हे दुरून टिपता येईल का, याची परीक्षा परदेशात मोठ्या प्रमाणावर झाली. त्यातल्या दोन परीक्षांची उत्तरं उलटसुलट आली. अमेरिकेत १६५३ रुग्णांपैकी निम्म्यांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित आवाजाला वजन आणि लक्षणं सांगायची होती. २०१० मध्ये निकाल आला: काही फरक पडला नाही. कित्येकांनी फोन करणंच सोडून दिलं होतं. जर्मनीत १५०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांचं वजन, रक्तदाब, इसीजी रोज बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या केंद्रात जायचं आणि तिथे डॉक्टर-परिचारिका रात्रंदिवस बसलेल्या असायच्या. काही बिघडलं की त्या रुग्णाला फोन करायच्या, औषध बदलायच्या. २०१८ च्या त्या निकालात मृत्यूंचं प्रमाण ठळकपणे घटलं.

माझ्या मते बुलढाण्यासाठी सगळा धडा या दोन प्रयोगांत आहे. माहिती साठवणारं यंत्र कुठूनही विकत आणता येतं. पलीकडे जागं असलेलं माणूस नेमावं लागतं, त्याला पगार द्यावा लागतो, पाळ्या लावाव्या लागतात. आपल्याकडे सगळं शून्यापासून उभारायचं आहे असंही नाही. ई-संजीवनीवरून आरोग्य केंद्रातला रुग्ण मोठ्या डॉक्टरशी बोलू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. रोज वजन टिपायला लावणं, गोळ्या चालू आहेत का ते पाहणं, हे आशाताई करू शकतात. पण त्याचा वेगळा मोबदला ठरला पाहिजे, आधीच लादलेल्या कामांत आणखी एक ओझं म्हणून नव्हे. आणि कुणाच्या हृदयाची माहिती कुठे साठते, कोण पाहतं, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्याचा हा हक्क मान्य केलेला आहे.

वाचकांना काही विनंत्या. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी नुसता दम लागतो, तेही गंभीर समजा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. पहिल्या दहा मिनिटांत इसीजी काढायला सांगा आणि दुखणं थांबलं नाही तर तो पुन्हा काढायला सांगा. घरातल्या प्रत्येक हृदयरुग्णाच्या जुन्या इसीजीचा फोटो आजच मोबाइलमध्ये घ्या. आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात, रुग्ण कल्याण समितीत ओळख असेल तर तिथे, दोन गोष्टी विचारा: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, आणि रात्री आलेला इसीजी कोण वाचतं?