पत्र्यातून परतणारी वीज

घोडागाडीत पुढून उडणारा चिखल अडविण्यासाठी जी फळी बसवीत, तिचे नाव डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला. नाव मात्र राहिले. जुन्या जीपगाडीत हा फलक पोलादी पत्र्याचा असतो. १९५९ साली जेथे पहिली झोतभट्टी पेटली, त्या भिलाईतही पावसाळा पोलादाची गय करीत नाही. गंजलेल्या फलकाच्या जागी काचतंतूंचा फलक बसविला, की गंजाचा प्रश्न मिटतो. पण दुसराच उद्भवतो. विजेला जाण्यासारखाच परतण्याचाही मार्ग लागतो. बॅटरीचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, आणि फलकावरील दिव्यांची वीज त्या पत्र्यातूनच परतते. काचतंतू तर वीजरोधक! परतीची वाट तुटली की दिवे पेटत नाहीत, मापकांच्या काट्यांवर विसंबता येत नाही. मग भर उन्हाळ्यात इंजिनातील पाणी उकळू लागले, तरी चालकाला त्याचा सुगावा लागेलच असे नाही. म्हणून प्रथम बॅटरीचे जोड सोडवावेत, प्रत्येक तारेला खुणेची चिठ्ठी बांधावी, आणि नव्या फलकामागून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार न्यावी. ती जेथे आवळावयाची, तेथील रंग आधी खरवडून काढावा. रंगाचा पातळ पापुद्राही वीज अडवितो.