सुरतेच्या मुलींनी टिपलेला ठिपका

सुरतेतल्या उधन्यात ग्रे (कोऱ्या) कापडाचा ताका तपासणाऱ्याची नजर हजारो सारख्या धाग्यांवरून सरकते आणि तुटक्या धाग्याशी थबकते. लघुग्रह शोधायलाही अशीच तयार नजर लागते. २०२० मध्ये सुरतेच्या दहावीतल्या दोन विद्यार्थिनींनी ती दाखवून दिली. ‘स्पेस इंडिया’ या संस्थेमार्फत शालेय लघुग्रह-शोधमोहिमेत उतरून त्यांनी एक लघुग्रह टिपला. एचएलव्ही२५१४ ही त्याची तात्पुरती खूण. तो मंगळाच्या परिसरात असल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

छायाचित्रे हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची होती. तिचा आरसा १.८ मीटरचा, कॅमेरा सुमारे १४० कोटी पिक्सेलचा. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने घेतलेली छायाचित्रे संगणकावर पाठोपाठ दाखवली, की तारे जागच्या जागी राहतात. लघुग्रहाचा ठिपका मात्र एका रेषेत, सारख्या टप्प्यांनी पुढे जातो. कॅमेऱ्यातल्या दोषाचाही ठिपका उमटतो, पण त्याच्या चालीत ही शिस्त नसते. खरी पारख इथेच होते.

टिपलेल्या जागा आणि वेळा अमेरिकेतल्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे जातात. एका रात्रीच्या मोजणीने कक्षा ठरत नाही. तोच ठिपका पुढच्या रात्रींत पुन्हा सापडावा लागतो. कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो आणि मगच नाव. त्यात कित्येक वर्षे जातात.

आकाराचा अंदाज तेजावरून बांधतात. सारख्याच अंतरावरचे दोन लघुग्रह सारखेच तेजस्वी दिसले, पण एक ५ टक्के प्रकाश परतवतो आणि दुसरा २० टक्के, तर पहिल्याचा व्यास दुप्पट असतो. तेजाच्या चढउतारातून स्वतःभोवती फिरण्याचा काळ कळतो, वर्णपटावरून पृष्ठभाग कार्बनयुक्त, खडकाळ की धातूचा याचा अंदाज येतो.

सुरतेच्या शोधाच्याच वर्षी, १६ ऑगस्टला, २०२० क्यूजी हा ३ ते ६ मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेला. काही तासांनी तो छायाचित्रांत ओळखणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. कॅलिफोर्नियातल्या ज्या आकाश-पाहणीची ती छायाचित्रे, तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी.

दुर्बीण हवाईत असो वा कॅलिफोर्नियात, ठिपका ओळखणारी नजर कुठेही घडू शकते. सुरतेत मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा आहेत, आणि या कामाला संगणक, इंटरनेट व चिकाटी पुरते. उधन्यातल्या शिक्षकांनी आपल्या मुलांना अशा शोधमोहिमेत जरूर उतरवावे.