दोन मशीन, दोन मतं: कोणता प्रश्न आमदाराचा, कोणता खासदाराचा?

आजचा भाग निवडणुकीवर आहे, पण कुणाची हवा होती आणि कोण पुढं जाणार यावर नाही. उमेदवाराची भूमिका वाचायची कशी, यावर आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

उदाहरण घरचंच घेऊ. 20 नोव्हेंबर 2024. विष्णुपुरी ज्या नांदेड दक्षिण मतदारसंघात येते, तिथल्या मतदारानं त्या दिवशी दोन मतं दिली. एक विधानसभेसाठी, दुसरं लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी, कारण खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं होतं. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी निवडून आले. आणि त्याच लोकसभा क्षेत्रातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. नांदेड दक्षिणमध्ये शिवसेनेचे आनंद तिडके बोंढारकर जिंकले, काँग्रेसचे मोहनराव हंबर्डे हरले.

म्हणजे काही जणांनी तरी दोन मशीनवर वेगवेगळी बटणं दाबली. पण प्रचारात दोन्हीकडच्या भाषणांत मुद्दे मात्र एकच: सोयाबीन, पाणी, दवाखाना, आरक्षण. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं बगचं तिकीट चुकीच्या टीमला गेलं की ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. काम कुणी नाकारत नाही, करतही नाही. मतदारांच्या प्रश्नांचंही असंच होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बघू, तिकीट नेमकं कुणाच्या नावावर आहे.

सोयाबीन

2024 मध्ये भाजपनं क्विंटलला 6,000 रुपयांचं आश्वासन दिलं, काँग्रेसनं 7,000 अधिक बोनस म्हटलं. त्या हंगामाचा हमीभाव होता 4,892, आणि बाजारात भाव त्याच्याही खाली. आता हमीभाव ठरवतं कोण? कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र सरकार जाहीर करतं. खरेदी केंद्रावर माल परत जायचा तो ओलाव्यामुळं. 12 टक्क्यांची मर्यादा 15 वर नेण्याचा आदेशसुद्धा नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीतूनच आला. म्हणजे हे तिकीट मुख्यतः खासदाराचं.

मग राज्याच्या हातात काहीच नाही का? आहे की. खरेदी केंद्रं कधी आणि किती उघडायची, बारदाना आहे का, आणि भाव पडला तर फरकाची रक्कम द्यायची का. महायुतीच्या दहा वचनांमध्ये हमीभावावर 20 टक्के अनुदान होतं. ते राज्याचं वचन. आमदाराला "6,000 कधी?" विचारलं तर तो दिल्लीकडं बोट दाखवेल. "फरकाच्या रकमेची तरतूद कुठाय?" विचारलं तर बोट दाखवायला जागा राहत नाही.

कर्जमाफी

हे सरळ राज्याचं. 2017 आणि 2019 च्या दोन्ही कर्जमाफ्या राज्य सरकारनंच जाहीर केल्या होत्या. 2024 ला महायुतीनं कर्जमाफीचं वचन दिलं. महाविकास आघाडीनं 3 लाखांपर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्यांना 50,000 रुपये म्हटलं. निवडणुकीनंतर मार्च 2025 मध्ये अर्थमंत्री अजित पवारांनी शेतकऱ्यांना पीककर्ज भरायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये नागपूरला आंदोलन झालं, तेव्हा सरकारनं 30 जून 2026 ची मुदत दिली. वचन तेच होतं, तारीख रस्त्यावर उतरल्यावर आली. म्हणून वचनासोबत तारीख आधीच मागायची.

दवाखाना

विष्णुपुरीत हा मुद्दा कुणाला समजावून सांगायची गरज नाही. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळं होती. मंजूर खाटा 500, दाखल रुग्ण त्याहून कितीतरी जास्त. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. एका खासदारानं अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, तो व्हिडिओ देशभर फिरला.

पण डॉक्टर-नर्सची भरती, खाटांची मंजुरी, औषधखरेदीचे पैसे, हे सगळं राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडं असतं. झाडूनं त्यातलं काहीच हललं नाही. हे शंभर टक्के आमदाराचं तिकीट आहे, आणि उमेदवाराची भूमिका इथं आकड्यातच मागायला हवी: रिक्त पदं किती आहेत, वर्षभरात किती भरून घेणार?

पाणी

बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की आपल्याकडं भाषणं सुरू होतात. बंधारा 2.74 टीएमसीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडेच ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे ऐन पावसाळ्यात अडवायचं नाही. कुठलाही आमदार हे एकटा बदलू शकत नाही.

विष्णुपुरी प्रकल्पाचं मात्र तसं नाही. कालव्यांची दुरुस्ती, उपसा पंप, शहराला किती आणि शेतीला किती, हे राज्यातच ठरतं. आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत आमदार बसतो. तिथं तो काय बोलला, हे विचारायचं.

आरक्षण

50 टक्क्यांची मर्यादा उठवायची तर घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे संसद. कुणबी प्रमाणपत्रं, हैदराबाद गॅझेटिअरचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय, हे राज्याचं. भाषणात दोन्ही एका दमात येतात, म्हणून ऐकताना वेगळं करायचं.

उमेदवाराची स्वतःची भूमिका कुठं सापडते?

खरं सांगायचं तर लेखी फारशी कुठंच नाही. प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण कळतं, धोरण नाही. जाहीरनामा पक्षाचा असतो. आणि निवडून आल्यावर पक्षानं व्हिप काढला की पक्षांतरबंदी कायद्यामुळं मत पक्षाच्याच बाजूनं द्यावं लागतं. म्हणून उमेदवार माणूस म्हणून कितीही चांगला असो, मोठ्या धोरणावर पक्षाची भूमिका तीच त्याची भूमिका धरायची.

त्याचं स्वतःचं असं काय उरतं? वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना आणि समित्यांमधली खुर्ची. आपण बहुतेक वेळा फक्त निधीचं विचारतो: सभामंडप झाला का, रस्ता झाला का. एवढ्या मोठ्या दवाखान्यापुढं 5 कोटी किती पुरणार? तिथं विधानसभेत विचारलेला एक नेमका प्रश्न जास्त कामाचा, कारण मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की तीनच गोष्टी विचारा. हे तुमच्या अधिकारात आहे का? त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार? आणि पहिल्या अधिवेशनात तुम्ही त्यावर काय मांडणार? गुळगुळीत उत्तर आलं तरी चालेल, लिहून ठेवा. आणि निवडून आलेल्यांसाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघायची गरज नाही. विधिमंडळाचं अधिवेशन वर्षातून तीनदा भरतं; दर अधिवेशनाआधी हेच प्रश्न त्यांच्या कार्यालयात लेखी देता येतात, आणि पोच मागायला विसरू नका.